नकाशात पाडाच नव्हता

उपग्रहाच्या छायाचित्रात पोल्ट्रीचं शेड वरून ओळखायला फारसं शिकावं लागत नाही. लांबट, अरुंद छप्पर, बहुतेक वेळा पूर्व-पश्चिम पसरलेलं. आपल्याकडचं ऊन जाळीतून थेट आत शिरू नये म्हणून शेड असंच बांधतात. मधे ठरावीक मोकळी जागा सोडून अशी चार-सहा छपरं समांतर दिसली, एका टोकाला पाण्याची टाकी आणि खाद्याचं गोदाम दिसलं, की बहुधा ती पोल्ट्रीच असते. फसवणारी छपरं तीन प्रकारची. शेडनेट, गोदामं आणि आश्रमशाळा. शेडनेटला वरून जाळीची चमक असते, गोदामाची रुंदी जास्त असते. आश्रमशाळा मात्र खरोखर चकवते, कारण तिच्याही लांबच लांब पत्र्याच्या ओळी असतात. फरक पटांगणाचा. मुलं खेळतात तिथली जमीन घासून पांढरी पडलेली असते, आणि पोल्ट्रीच्या आवारात कुणी खेळत नाही.

मी खासगी मोजणीचं काम करतो. रस्त्याचे, कालव्याचे ठेकेदार बोलावतात तिथे टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजायचं यंत्र, घेऊन जायचं, लेव्हल घ्यायच्या, कागद काढून द्यायचा. राहायला धुळ्याला, कामाला साक्री, नवापूर, नंदुरबार पट्टा. नवापूर तालुक्यातल्या एका गावात पाइपलाइनचं काम चालू असताना तिथल्या ग्रामपंचायतीचे एक ज्येष्ठ सदस्य, सगळे त्यांना नाना म्हणतात, माझ्या यंत्राकडे बघत म्हणाले, "साहेब, याने विहिरीपासून शेडपर्यंतचं अंतर निघेल का?" निघेल म्हटलं. काढून दिलं. त्यांनी ते वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि विचारलं, "आता बाकीच्या शेडांचं?"

तालुक्यातल्या पोल्ट्री शेडांचा नकाशा काढायची सुरुवात त्या प्रश्नातून झाली.

नवापूर आणि पोल्ट्री हे नातं खान्देशाबाहेरच्या लोकांना एकाच कारणामुळे माहीत असतं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथे जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितलं आणि तीन किलोमीटरच्या वर्तुळातल्या कोंबड्या मारून पुरल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही तेच झालं. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा लाखो पक्षी गेले. तेव्हा मारायचं वर्तुळ एक किलोमीटरचं होतं आणि लक्ष ठेवायचं दहा किलोमीटरचं. वर्तुळ काढायला मध्यबिंदू लागतो, आणि वर्तुळात नेमकी किती शेडं येतात हे कळायला शेडांचा नकाशा लागतो. तो कुणी पाहिलाय असं मला तालुक्यात एकही माणूस म्हणाला नाही. याद्या होत्या. पशुसंवर्धनाची वेगळी, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घरपट्टीसाठी वेगळी, वीजजोडणीची आणखी वेगळी. एका यादीत मालकाचं नाव, दुसरीत त्याच्या भावाचं, तिसरीत वडिलांचं.

आता नियमाचं थोडं सांगतो, कारण पुढची सगळी मोजमापं त्याच्यावर उभी आहेत. पूर्वी एक लाखाच्या वर पक्षी असलेल्या पोल्ट्रीलाच प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची अट लावली जायची. बाकीच्यांना जवळपास मोकळं रान. हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये लवादानं ही सूट पुन्हा तपासायला सांगितली आणि पाच हजारांच्या वरच्या पोल्ट्रीकडे बोट दाखवलं. २०२१ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या. एका जागी २५,००० च्या वर पक्षी असतील तर उभारणीचं आणि चालवण्याचं अशी दोन्ही संमतीपत्रं राज्याच्या मंडळाकडून घ्यायची. नवं शेड वस्तीपासून ५०० मीटर लांब, आणि नदी, तलाव, कालवा, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १०० मीटर लांब हवं. खत कसं साठवायचं, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट कशी लावायची, तेही त्यात आहे.

मोजणीवाल्याला हे वाचून आनंदच होतो. पाचशे मीटर, शंभर मीटर. वास किती येतो यावर वाद घालत बसायला नको, फीत टाकली की झालं. असं मला तेव्हा वाटलं.

जगात असं कुणी केलंय का, हे शोधताना अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना सापडलं. डुकरं आणि कोंबड्यांचे प्रचंड गोठे तिथे आहेत, आणि ते नेमके कुठे याची पूर्ण यादी त्यांच्या पर्यावरण खात्याकडेही नव्हती. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी हवाई छायाचित्रांवर संगणकाला शिकवून ती शोधली. आधी संस्थांच्या लोकांनी डोळ्यांनी मोजलेल्या संख्येपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त पोल्ट्री त्यात निघाल्या. पुढे दुसऱ्या एका गटानं डेलमार्वा नावाच्या द्वीपकल्पातल्या शेडांवर संगणक तयार करून अख्ख्या अमेरिकेतली साडेतीन लाखांहून अधिक संभाव्य शेडं काढली आणि ती माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली. आपल्या एका तालुक्याला एवढा बारदाना नको. डोळे पुरतात.

मी ओपनस्ट्रीटमॅप निवडला. २००४ पासून चालू असलेला हा नकाशा लोक स्वतः काढतात आणि त्यातली माहिती कुणीही, श्रेय देऊन, फुकट उतरवून घेऊ शकतो. गूगलच्या नकाशावर मी शेड दाखवू शकतो, पण त्या शेडांचा आकार उतरवून घेऊन स्वतःची मोजमापं करणं तिथे जमत नाही. आणि गूगलवर बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काढणं हा तर तिथला मोठा गुन्हा. त्यासाठी परवानगी असलेली छायाचित्रं वेगळी, बिंगची आणि एस्रीची. सुरुवातीला ब्राउझरमधल्या साध्या संपादकात काढत होतो, मग जोसम हे संगणकावरचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात काटकोनी छप्पर एका कळीत सरळ होतं, आणि शेडं म्हणजे काटकोनच काटकोन. छायाचित्र जमिनीवरून काही मीटर सरकलेलं असतं, ते आधी जुळवून घ्यावं लागतं. माझ्याकडे कालव्याच्या कामातले डीजीपीएसचे, म्हणजे उपग्रहावरून अचूक मोजलेले, बिंदू होते, त्यावरून जुळवलं. शंभर मीटरच्या नियमात सात-आठ मीटरची सरक म्हणजे पोल्ट्री नियमात की नियमाबाहेर, एवढा फरक.

प्रत्येक छपराला खुणा द्यायच्या. आवाराला 'फार्मयार्ड', इमारतीला शेतीची पूरक इमारत. पक्ष्याचा प्रकार खात्रीचा असेल तरच कोंबडी असं लिहायचं. मालकाचं नाव लिहायचं नाही. 'प्रदूषण करणारी' वगैरे तर मुळीच नाही. जमिनीवर जाऊन कुणालाही पडताळता येईल तेवढंच या नकाशात राहतं, ही त्यांची रीत आहे आणि ती मला शंभर टक्के मान्य आहे. गावातल्या एका उत्साही कार्यकर्त्यानं सुचवलं होतं की लाल कवटीची खूण टाकू. मी म्हटलं, दादा, कवटी टाकली की उद्या शेडवाला वकील घेऊन येईल, आणि छप्पर टाकलं तर तो काय म्हणणार, माझ्याकडे छप्पर नाही?

छायाचित्र कधीचं आहे हा दुसरा घोळ. स्वच्छ दिसणारं छायाचित्र काही वर्षांपूर्वीचं असू शकतं. त्यासाठी युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह कामाला आला. त्याचा एक ठिपका दहा मीटरचा, त्यामुळे बारा मीटर रुंदीचं शेड त्यात एखाद्या चकचकीत रेघेसारखं दिसतं. आकार कळत नाही, पण दर काही दिवसांनी नवं चित्र येतं आणि २०१५ पासूनची सगळी चित्रं फुकट मिळतात. त्यामुळे ती रेघ कोणत्या हिवाळ्यात नव्हती आणि कोणत्या उन्हाळ्यात उगवली ते सांगता येतं. पावसाळ्यातली चित्रं सोडून द्यायची. नवापूरला जून ते सप्टेंबर उपग्रहाला ढगच दिसतात.

शेडं काढून झाली. मग क्यूजीआयएस हे नकाशावर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर उघडलं, प्रत्येक शेडाभोवती पाचशे मीटरचा पट्टा काढला आणि कोणती वस्ती त्यात येते ते बघायला बसलो. यंत्रानं सांगितलं, जवळपास कुठलीच नाही. तालुक्यात इतका आदर्श कारभार असेल यावर माझा विश्वास बसेना.

मग लक्षात आलं. नकाशात शेडं मी काढली होती, घरं कुणीच काढली नव्हती. गावाच्या नावाचा एक ठिपका होता, तो गावठाणाच्या मध्यावर. पण नवापूरकडची गावं गावठाणात कुठे राहतात? भिल्ल, मावची, कोकणी लोकांची वस्ती पाड्या-पाड्यांनी पसरलेली. एका महसुली गावाचे पाच-सहा पाडे, त्यांतला एखादा टेकडीच्या पलीकडे, एखादा नाल्याच्या काठी, आणि घरंही एकमेकांपासून शेताएवढ्या अंतरावर. सरकारी नकाशात गावठाणाची हद्द असते. पाडा कित्येकदा शेतजमिनीच्या गटातच दाखवलेला असतो, म्हणजे कागदावर तिथे कोणी राहतच नाही. आणि शेडं उभी राहतात ती नेमकी तिथे. गावठाणापासून लांब, जमीन स्वस्त, डांबरी रस्ता जवळ. म्हणजे शेडवाल्याचा कागद खरा होता. 'वस्तीपासून पाचशे मीटरच्या बाहेर' असं तो प्रामाणिकपणे लिहू शकत होता.

अंतराला दोन टोकं लागतात. एक टोक मी काढून बसलो होतो.

त्यामुळे शेडांचं काम बाजूला ठेवून आम्ही आधी पाडे काढायला घेतले. हा भाग सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यात मजेचा होता. घरं छायाचित्रात दिसतात, पण कौलारू छप्पर आणि खालची माती एकाच रंगाची, वर महुआची सावली. सुरुवातीला निम्मी घरं निसटत होती. नानांच्या ओळखीनं बारावीतली तीन-चार मुलं मिळाली. त्यांना मोबाइलवर 'एव्हरी डोअर' नावाचं ॲप टाकून दिलं. ती पायी फिरून घर, हातपंप, विहीर, अंगणवाडी अशा खुणा टाकायची. पाड्यांची नावं मुलांनी घरच्यांना विचारून टाकली, मावचीत जशी म्हणतात तशी. एका पाड्याचं नाव ग्रामपंचायतीच्या कागदावर एक, आणि तिथली माणसं सांगतात दुसरं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दोन्ही टाकता येतात, तशी टाकली. हातपंपांची गंमत वेगळी. कोणता चालू, कोणता बंद, कोणत्याचं पाणी फक्त गुरांना, हे छायाचित्रातून जन्मात कळलं नसतं.

घरं आल्यावर तेच यंत्र पुन्हा चालवलं. या वेळी पट्ट्यांमध्ये घरं भरून आली.

मोजणीवाल्यांसाठी एक सूचना करून ठेवतो. अक्षांश-रेखांशात पट्टा काढू नका, तो अंशात निघतो आणि मीटर म्हणून वाचला की हसं होतं. खान्देश मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बसतो, तो लावा आणि मग मोजा.

शंभर मीटरच्या पाण्याच्या नियमाबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट. पाणी त्याच्या भेगांतून चालतं, सरळ रेषेत चालत नाही. शेडापासून ऐंशी मीटरवर पण चढावर असलेली विहीर सुरक्षित असू शकते, आणि अडीचशे मीटरवर पण उताराला, नाल्याच्या कडेला असलेली विहीर खराब होऊ शकते. म्हणून मी उताराचा वेगळा थर काढला. उपग्रहाचं उंचीचं मोजमाप फुकट मिळतं, तीस मीटरच्या चौकटीचं. त्यावरून पावसाचं पाणी कुठून कुठे जाईल याच्या रेघा निघतात. उघड्यावर टाकलेल्या कोंबडखताचे ढीग ज्या रेघांच्या डोक्याशी होते, त्या रेघा पुढे रंगावली नदीच्या खोऱ्यातच उतरत होत्या. त्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती हे मात्र नकाशा सांगत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये असं भारतीय मानक आहे, आणि ते कळायला बाटली भरून प्रयोगशाळेतच द्यावी लागते. नकाशामुळे एवढंच झालं की कोणत्या विहिरींची बाटली आधी भरायची ते ठरलं.

प्रत्यक्ष पाहणी रस्त्यावरूनच केली. फाटकाच्या आत जायचं नाही हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी घालून दिला, आणि तो भीतीपोटी नव्हता. एका पोल्ट्रीतून दुसरीत जाणारी चप्पल आणि टायर हीच रोग पसरवायची खात्रीची वाहनं आहेत. फाटकाशी औषधाच्या पाण्याचा खड्डा असतो तो त्यासाठीच. काही ठिकाणी मालकांनी हाका मारून बोलावलं, चहा पाजला. एकानं विचारलं, "तुम्ही बँकेचे का टॅक्सचे?" दुसऱ्या एकानं मोटरसायकल आडवी लावली आणि मुलांच्या मोबाइलमधले फोटो पुसायला लावले. फोटो रस्त्यावरून काढलेले, त्यात माणूस एकही नाही. तरी पुसले. फोटोवाचून काही अडणार नव्हतं, छप्पर तिथेच राहणार होतं.

पक्षी किती, हा प्रश्न सगळ्यांत चिकट. नियम पक्ष्यांच्या संख्येवर, आणि वरून दिसतं ते क्षेत्रफळ. ब्रॉयलरचा, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचा, हिशेब त्यातल्या त्यात सोपा. आपल्याकडच्या उघड्या शेडात एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट धरतात. तीनशे फूट लांब आणि चाळीस फूट रुंद शेड म्हणजे बारा हजार चौरस फूट, म्हणजे दहा-बारा हजार पक्षी. अशी तीन शेडं एका आवारात असली तर पंचवीस हजार ओलांडले. लेअरमध्ये हा हिशेब मोडतो. अंड्यांच्या कोंबड्या पिंजऱ्यात, पिंजरे एकावर एक, कुठे दोन थर, कुठे तीन. त्यामुळे मी आकडा कधीच एक लिहिला नाही, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहिलं, आणि तेही माझ्या स्वतःच्या तक्त्यात. खुल्या नकाशात फक्त छप्पर. अंदाज माझा आहे, त्यावर शिव्या मला पडाव्यात, नकाशाला नको.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं तिकीट, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. मागणी साधी होती. तालुक्यात ज्या पोल्ट्रींना संमतीपत्र दिलंय त्यांची यादी, गाव आणि गट नंबरसह. वेगवेगळ्या कार्यालयांना पाठवला. एकानं दुसऱ्याकडे ढकलला. एकाकडून तीस दिवस संपता संपता उत्तर आलं, 'मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' हे वाक्य ज्यांनी वाचलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं आणि अर्जाला नकाशाची प्रत जोडली. वाक्य एवढंच घातलं की सोबतच्या नकाशातील क्रमांक टाकलेल्या आवारांपैकी कोणत्या क्रमांकांना संमतीपत्र आहे ते कळवावं.

इथे कामाचा सांधा बदलला. 'तालुक्यातल्या पोल्ट्री' म्हटलं की संकलन करायचं काम कार्यालयाचं होतं आणि ते त्यांना नको होतं. क्रमांक टाकल्यावर संकलन आम्हीच करून दिलेलं. त्यांनी फक्त आहे किंवा नाही म्हणायचं. सुनावणीला गेलो तेव्हा टेबलावर आमचाच नकाशा पसरलेला होता, त्यावर पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा होत्या. खुणा थोड्या होत्या. मिळालेली यादी एका पानात मावली, आणि त्यातही गट नंबर बहुतेकांना नव्हता.

नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा या आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यामुळे इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला इतर ठिकाणांपेक्षा वजन आहे, निदान असायला हवं. नानांनी विषय ग्रामसभेत घेतला. नकाशा फ्लेक्सवर छापला, वाढदिवसाचे बॅनर छापतात त्याच दुकानात. दुकानदारानं विचारलं, फोटो कुणाचा टाकू? ग्रामसभेत पहिला अर्धा तास शेडांबद्दल कुणी बोललंच नाही. लोक आपापलं घर शोधत होते. बायका पुढे आल्या, "हा आमचा हातपंप, तो तिकडे दाखवलाय, तो इकडे पाहिजे." मुलानं तिथल्या तिथे मोबाइलवर दुरुस्त केलं.

शेडवालेही आले होते, आणि बरं झालं आले. एक म्हणाले, माझं शेड २०२१ पासून बंद आहे, रोगात सगळा माल गेला तो गेला, पुन्हा भरलंच नाही. नकाशात ते चालू दिसत होतं. त्यांचा मुलगा नंदुरबारला कॉलेजात शिकतो. त्याला खातं उघडून दिलं, त्यानं स्वतः ते 'वापरात नाही' असं बदललं. दुसरे म्हणाले, माझं शेड आधीचं, ही चार घरं नंतर आली. सेंटिनेलची जुनी चित्रं काढून बघितली. त्यांचं खरं होतं. पाचशे मीटरची अट नव्या शेडाला आहे, त्यामुळे त्यांचं आवार आम्ही ग्रामसभेच्या ठरावासोबत जायच्या तक्रारीतून काढलं. यावर काही लोक माझ्यावर नाराज झाले. शेडवाल्याची बाजू घेता म्हणाले. पण ज्याच्यावर बोट ठेवायचं आहे त्यालाही तोच नकाशा उघडता येतो, दुरुस्त करता येतो, आणि त्याच्या दुरुस्तीनंतरही जे उरतं ते मग कुणी खोडू शकत नाही. बंद फायलीतल्या यादीला ही ताकद कधी येणार नाही. ठरावासोबत गेलेल्या नकाशावर 'शेडमालकांच्या हरकतींनंतर दुरुस्त' असं लिहिलं होतं, आणि पुढच्या संयुक्त पाहणीत त्या एका ओळीनं निम्मे वाद संपवले.

पाहणी झाली. मोठ्या लेअर पोल्ट्रींना नोटिसा गेल्या. काहींनी संमतीपत्रासाठी अर्ज केले. नाल्याच्या डोक्याशी असलेले खताचे दोन ढीग उचलले गेले, आणि आता खताच्या गाड्या ताडपत्री टाकून जातात. एका आवाराचं प्रकरण तारखांवर आहे. माश्या कमी झाल्या का म्हणाल तर बायका म्हणतात, पावसाळा जाऊ द्या मग सांगतो. ओल्या खतात माशी वाढते, उन्हाळ्यातला अंदाज खरा नव्हे.

या सगळ्यात एक खटकणारी गोष्ट राहिली, आणि ती मला घरातच ऐकावी लागली. माझ्या शालकाचं साक्रीकडे ब्रॉयलरचं शेड आहे, करारावरचं. पिल्लं कंपनी देते, खाद्य कंपनी देते, औषध कंपनी देते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी माल कंपनीच उचलते आणि किलोमागे संगोपनाचा दर देते. शेड, पाणी, वीज, तूस, मजुरी शालकाची. खत त्याच्याच वाट्याला. बँकेचं कर्ज त्याच्या सातबाऱ्यावर. नकाशाचं कळल्यावर म्हणाला, "दाजी, पक्षी कंपनीना, खाद्य कंपनीनं, अन् वास मातर आमना."

त्याचं चूक नाही. उपग्रहाला छप्पर दिसतं, करार दिसत नाही. एकाच कंपनीचे पक्षी तालुक्यातल्या वीस छोट्या शेडांत असतील तर जमिनीवर ते वीस वेगळे छोटे शेतकरी, प्रत्येक जण मर्यादेच्या आत, आणि सगळे मिळून होणारं खत कुणाच्याच नावावर नाही. संमतीपत्र आवाराला लागतं, म्हणजे आवाराच्या मालकाला. खरा मोठा उद्योग कोणता हे काढायचं असेल तर छपरांच्या नकाशावर खाद्याच्या गाड्यांचे रस्ते चढवावे लागतील. कोणती गाडी कुठल्या मिलमधून निघते आणि कुठल्या शेडांशी थांबते. ते आम्ही केलेलं नाही. गाड्यांच्या मागे फिरणं मला पटतही नाही, ड्रायव्हर बिचारा पगारी माणूस. पण कंपन्यांना आपल्या करारातल्या शेडांची ठिकाणं जाहीर करायला लावली, तर हे एका दिवसाचं काम आहे. ती मागणी आता ग्रामसभेच्या पुढच्या ठरावाच्या मसुद्यात आहे.

दुसरं अपुरं काम सीमेचं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेडंही तशीच, सीमेच्या दोन्ही बाजूंना. गुजरातेतल्या उच्छलकडची शेडं काढली आहेत, पण तिकडचं मंडळ वेगळं, अर्जाची रीत वेगळी, आणि अर्ज गुजरातीत. रोगाच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळाला यातलं काही कळत नाही. तिकडच्या एका शिक्षकांनी पाडे काढायला सुरुवात केली आहे.

शालकाचं शेड मी नकाशात टाकलं का, असं घरात विचारतात. टाकलं. त्याच्या शेजारची विहीर आणि खताची जागाही टाकली. विहीर उताराला आहे. त्यानं त्या पानाची रंगीत प्रत मागून घेतली आणि पुढची पिल्लं उतरवायला आलेल्या कंपनीच्या सुपरवायझरपुढे ठेवली. खताला सिमेंटचा हौद आणि वर छप्पर करायचं तर तो खर्च करारात कुणाच्या बाजूला धरायचा, एवढं लिहून द्या म्हणाला. सुपरवायझरनं मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला, वर विचारून सांगतो म्हणाला. ती बॅच उचलली गेली, दुसरी आली. शालकानं दुसऱ्या बॅचच्या पावतीवर सही करण्याआधी तोच प्रश्न पेनानं पावतीवरच लिहिला.